चढावरचा आवाज

ईशान आणि तारा,

मागच्या रविवारी फोनवर ईशानने त्याची नवी गाडी दाखवली. नवी म्हणजे तुमच्यासाठी नवी, तिचे आधी दोन मालक होऊन गेले होते. पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेली पट्टीही त्याने दाखवली आणि हसत विचारलं, "आजी, ह्यात महागातलंच पेट्रोल भरा असं लिहिलंय. साधं भरलं तर काय होणार आहे?" मी "भरू नकोस" असं इतक्या जोरात म्हणाले की तारा दुसऱ्या खोलीतून धावत पडद्यासमोर आली. रात्री तुमच्या आईने मला वेगळा फोन करून विचारलं, "बरी आहेस ना?" मी बरी आहे. पण गाड्यांतलं काही कळत नसलेली आजी पेट्रोलवरून एकदम ओरडली, ह्याचं कारण तुम्हाला द्यायला हवं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. तुम्हाला मराठी वाचता येतं, हळूहळू का होईना. म्हणून लिहिते. तुमच्या आईलाही ह्यातलं अर्धंच ठाऊक आहे.

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते. साताऱ्याला सदर बझारात एका बैठ्या घरात आम्ही दोघंच राहत होतो, मी आणि माझे वडील. त्यांना मी आबा म्हणत असे. आबा वडूजच्या पलीकडच्या एका कोरडवाहू गावातले. मिसरूड फुटायच्या आधी फौजेत गेले, तोफखान्यात, आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. आई सांगलीची, शिकलेली, हळू बोलणारी. आमच्या घरात बाळ येणार होतं ते सातव्या महिन्यात गेलं. मी त्या दिवशी शाळेत होते, आई मोरीत पाय घसरून पडली एवढंच मला नंतर सांगण्यात आलं. त्यानंतर ती विश्रांतीसाठी म्हणून सांगलीला मामाकडे गेली, मग तिला तिथल्या एका शाळेत नोकरी लागली, मग 'एवढं वर्ष संपू दे' झालं. वर्षं संपत गेली. ती आम्हाला सोडून गेली आहे असं कोणीच कधी म्हणालं नाही. मीही नाही. शाळेत कोणी विचारलं तर मी 'आईची बदली झाली आहे' असं इंग्रजीत सांगत असे. इंग्रजीत ते जास्त खरं वाटायचं.

आमच्या घरात आवाज फार होते आणि बोलणं फार थोडं. आबा पहाटे उठून स्टोव्हला पंप मारत, तो स्टोव्ह भरभरत असे. मग बातम्यांसाठी रेडिओ, तोही इतका मोठा की समोरच्या घरातल्या काकू गॅलरीतून म्हणत, "सुभेदार, आमच्या रेडिओचे सेल वाचले हो तुमच्यामुळे!" आबा त्यांच्याकडे बघून मान डोलावत. ताटं ते आपटूनच ठेवत. स्वयंपाक फौजेतल्यासारखा, म्हणजे जाड चपात्या, भरपूर डाळ, एकच भाजी आणि सगळ्याला एकच मसाला. थंडीत मात्र ते गावाकडची आठवण म्हणून हुलग्याचं पीठ भाजून, त्यात गूळ घालून माडगं करायचे. ते ढवळताना त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. मी जवळ बसून शाळेतलं काही सांगायला लागले की ते "हं" म्हणत. मी काहीही सांगितलं तरी "हं". एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आबा, आज आमच्या वर्गात हत्ती आला होता." ते म्हणाले, "हं, चांगलं हाय." मला हसू आलं नाही. त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही अशी माझी खात्री झाली. मग मी भांडी घासताना स्वतःशीच इंग्रजीत बोलू लागले, कविता, धडे, नळाशी आणि कपबशांशी संभाषण. घरात ती भाषा कोणाला कळणार नव्हती, त्यामुळे कोणी ऐकलं नाही ह्याचं वाईट वाटायचं कारणच उरत नव्हतं.

एकाआड एक शनिवारी आबा मला सांगलीच्या एसटीत बसवून देत. आई मामाकडच्या मागच्या दोन खोल्यांत राहत असे. सांगलीत उतरलं की बाजाराकडून हळदीचा वास येई, तो मला अजून आईचाच वास वाटतो. ती माझे केस विंचरत असे, भडंग करून डबा भरून देत असे आणि सगळं विचारत असे. शाळा, परीक्षा, पोटदुखी. आबांबद्दल मात्र फक्त एकच प्रश्न असे, "जेवतात ना नीट?" रविवारी दुपारी मी परत निघे. साताऱ्यात स्टँडवर आबा उभे असत. ते माझी पिशवी घेत आणि विचारत, "आईची तब्येत बरी हाय?" एवढंच. दोघांचे मिळून दोन प्रश्न, आणि त्यांची ने-आण करणारी मी.

आता गाडीचं सांगते. एका साखर कारखान्यातले इंजिनियर कायमचे परदेशी निघाले होते, त्यांची छोटी निळी इंग्लिश गाडी आबांनी घेतली. फौजेत त्यांनी तोफा ओढणारे अवजड ट्रक वर्षानुवर्षं सांभाळले होते, त्यामुळे इंजिन हा त्यांचा जीव. पण गाडी कशासाठी घेतली हे मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. गाडी आल्यावर त्यांनी पुढच्या जागांना हातही लावला नाही. मागचं बाक काढलं, त्याच्या स्प्रिंगा बदलल्या, वर नवा कापूस घातला आणि पांढऱ्या टर्किश टॉवेलचं आवरण स्वतः हाताने शिवलं. दाराला पाण्याच्या बाटलीसाठी तारेची कडी केली. आईला एसटीत मळमळायचं. कोणासाठी चाललंय हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या आठवड्यात मी नळाशी बोलले नाही.

गाडीबरोबर एक इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. ते वाचून मराठीत सांगायचं काम माझं. आबा समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत, मला वाटे माझं इंग्रजी ऐकून त्यांना कौतुक वाटतंय. त्यात पेट्रोलवर एक पान होतं. ते मी तुम्हाला आज शहाणपणाने समजावू शकते, तेव्हा अर्धवटच कळलं होतं. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि मग ठिणगी पडून जळते. ठिणगीच्या क्षणीच जळावी अशी अपेक्षा असते. हलकं पेट्रोल जास्त दाब सोसू शकत नाही, एका कडेला ठिणगीची ज्योत पसरत असतानाच उरलेलं दुसरीकडे आपणहून भडकतं. तो जो धक्का बसतो त्याचा आवाज येतो. मिस्त्री लोक म्हणतात, गाडी नॉक मारते. पेट्रोलच्या नावापुढचा आकडा, ज्याला ऑक्टेन म्हणतात, तो पेट्रोलची ताकद सांगत नाही, ते किती दाब सोसेल हे सांगतो. आमच्या निळ्या गाडीचं इंजिन घट्ट दाबणारं होतं, तिला त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल पाहिजे असं पुस्तकात लिहिलं होतं. आमच्या जवळच्या पंपावर साधं मिळे. त्र्याण्णव त्या वेळी आम्हाला माहीत होतं ते कराडला, हायवेवरच्या एका पंपावर. आणि ती वर्षं अशी होती की पेट्रोल एकदम महाग झालं होतं आणि लोक गाड्यांवर कापड टाकून ठेवत होते.

"पुस्तक विलायतेत लिवलंय," आबा म्हणाले. "आमी बर्फात गाड्या चालवल्या, वाळूत चालवल्या, जे मिळंल ते वतायचं. नंबर बघत बसलो असतो तर तोफ कुनी वडली असती? इंजनाला पुस्तक नगं, कान लागतो."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुन्या गाड्यांत ठिणगी किती लवकर पडावी हे डिस्ट्रिब्यूटर नावाचा डबा केसभर फिरवून ठरवता येई. साधं पेट्रोल असलं तर ठिणगी जरा उशिरा पाडायची, की इंजिन निमूट चालतं, फक्त थोडं मंद. आबांची फौजेतली रीत अशी की चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये घालायची, डबा थोडा पुढे, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असा, फिरवत जायचं, आवाज यायला लागला की केसभर मागे घ्यायचं. बस्स. ही रीत त्यांनी शेकडो पोरांना शिकवली होती. रविवारी सकाळी आम्ही यवतेश्वरच्या घाटात जात असू. खाली सातारा पसरलेला, कडेला करवंदीच्या जाळ्या, आणि आबा बॉनेट उघडून वाकलेले. पहिल्या चढालाच मला तो आवाज ऐकू आला. तापल्या तेलात मोहरी टाकल्यावर तडतडते ना, तशी लोखंडाची मोहरी तडतडत होती. आबांनी गाडी थांबवली, डबा आणखी पुढे फिरवला आणि परत चढ घेतला. मोहरी आणखी तडतडली. गाडी मात्र आधीपेक्षा जोरात ओढू लागली, त्यामुळे आबांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं, माझ्याकडे वळून.

"आवाज येतोय, आबा. टिणटिण असा."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी गाडी थांबवली, बॉनेटखाली डोकं घातलं, कान अगदी पंख्याजवळ नेला, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग उठून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. परीक्षेत उत्तर येत नसलेली मुलगी शेजारणीच्या वहीकडे बघते तशी ती होती. गाडी परत चढाला घालून त्यांनी विचारलं, "आता?" मोहरी तशीच तडतडत होती, त्यांनी काहीही बदललं नव्हतं. आणि मी, त्यांचं मघाचं हसू परत यावं म्हणून, म्हणाले, "नाही. आता नाही येत."

त्या दिवसापासून ते मला दर चढाला विचारत आणि मी दर चढाला नाही म्हणत असे. ते खुश होत आणि मला वाटेत भजी घेऊन देत. आम्ही दोघं एवढं बोलायला लागलो होतो की खरं सांगून ते मोडायचं मला धाडस नव्हतं. त्यांना ऐकू येत नाही हे मला कळलं होतं का? कळलं होतं. घाटात नव्हे, नंतर एकदा स्वयंपाकघरात. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळू म्हटलं, "आबा, घराला आग लागली." त्यांनी कांदा चिरणं थांबवलं नाही. मग मी समोर जाऊन तेच आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं. सुरी हातातच ठेवून ते दचकून दाराकडे धावले. मी रडायला लागले, आणि त्यांना वाटलं मी आगीला घाबरले.

गेल्या वर्षी मला कानाचं यंत्र बसवलं हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि त्या आवाजाने खुर्चीवरून उठले. बारीक आवाज आधी जातात, डॉक्टरांनी सांगितलं. पान, पक्षी, मंगळसूत्राचे मणी, बायकांचं हळू बोलणं. तोफा आणि रेडिओ शेवटपर्यंत ऐकू येतात. आबांनी ते का लपवलं हे मला फार उशिरा, त्यांच्या एका फौजी मित्राकडून कळलं. कान गेलेल्या माणसाचा वैद्यकीय दर्जा खाली येई आणि पेन्शनच्या आधीच घरी पाठवतील अशी भीती असे. तपासणीत डॉक्टर मागे उभे राहून आकडे कुजबुजत, तेव्हा हा मित्र समोर बसून बोटांनी आकडे दाखवायचा. असं त्यांनी कितीतरी वेळा निभावलं. इतकं निभावलं की नोकरी संपल्यावरही ते लपवणं संपलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आईचं पत्र आलं की ती दिवाळीला साताऱ्याला येईल. आम्ही दोघं तिला आणायला गाडीने गेलो. आबा मामाच्या दारात कधी आले नव्हते, त्या दिवशीही फाटकापाशीच टोपी हातात घेऊन उभे राहिले. आईने आतून पेटी काढली. दिवाळीच्या चार दिवसांची पिशवी नव्हती ती. लग्नातली मोठी लोखंडी पेटी होती. मामा आणि आबांनी दोन बाजूंनी उचलून ती मागे चढवली तेव्हा गाडी खाली बसली. "दोन महिन्यांची रजा टाकली आहे," आई माझे केस सारखे करता करता म्हणाली. "मग बघू." एवढंच. पण तिने मामीला आपल्या कुंड्याही शेजारणीला देऊन टाकायला सांगितल्या, ते मी ऐकलं. ती परत येत होती. आता फक्त ती साताऱ्यापर्यंत पोचायला हवी होती.

ती मागच्या बाकावर बसली आणि पांढऱ्या टॉवेलवरून हात फिरवला. आष्टा, इस्लामपूर, पेठ, सगळं नीट गेलं. ऊन चढलं होतं. आई पदराने वारा घेत दोनदा पाणी प्यायली, आणि पेठच्या पुढे तिने भडंगाचा डबा उघडून आबांच्या हातावरही मूठभर ठेवलं. त्यांनी ते एका हाताने चाक धरून खाल्लं. कराड जवळ आलं तसं मी म्हटलं, "आबा, इथे त्र्याण्णव मिळतं. भरू या ना?" मी त्यांच्याकडे तोंड करून, नीट ओठ हलवून म्हटलं होतं. त्यांनी हात हलवला. "टाकी भरलेली हाय. कशाला?" त्यांना थांबायचं नव्हतं. बायको मागे बसली होती आणि गाडी पळत होती.

उंब्रजच्या अलीकडच्या चढावर मोहरी तडतडू लागली. मग मोहरी राहिली नाही, पत्र्याच्या डब्यात कोणी खिळे हलवत असावं तसं झालं. आई पुढे वाकली. "अहो, हा कसला आवाज येतोय?" आबा समोर बघत होते. तिने परत विचारलं, "अहो, ऐकलंत का?" आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, आणि तो हळूहळू मिटत चालला होता. मी आबांच्या दंडाला हात लावला. "आबा, आई विचारतेय, आवाज कसला?"

"ऐकलं म्या," आबा म्हणाले. "इंजन असंच बोलतं चढाला."

आई मागे टेकून बसली. दोन मिनिटांत ठप्प असा आवाज झाला, गाडीचा दम गेला आणि मागे निळा धूर पसरला. तीन-चार माणसांनी ढकलत आम्हाला उंब्रजच्या फाट्यावर एका चिंचेखालच्या गॅरेजपाशी नेलं. तिथल्या मिस्त्रींनी, ते आबांच्याच वयाचे होते, ठिणगी पाडणारे प्लग काढले. एकाचं टोक वितळून गेलेलं होतं. त्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून त्यांनी गॅरेजमधल्या पोराला हँडल मारायला सांगितलं आणि मान हलवली. "पिस्टनला भोक पडलंय, फौजीसाहेब. कवापासनं वाजतीया ही?"

"वाजत न्हवती," आबा म्हणाले.

"आवं, वाजल्याबिगर भोक पडत न्हाई. आमच्या म्हशीनंबी कान टवकारलं आस्तं आशा आवाजाला. तुमास्नी ऐकू आला न्हाई व्हय?"

चिंचेखाली बसलेले लोक हसले. एक जण म्हणाला, "तोफा डागून कान किटलं आसत्याल, गड्या!" त्यात वाईट काही नव्हतं. तिथे आबा हसून 'व्हय' म्हणाले असते तर सगळेच हसले असते, आणि कदाचित आमचं पुढचं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं. आबांनी त्या लोकांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. मग म्हणाले, "आला हुता ऐकू. म्या म्हनलं, साताऱ्याला जाऊन बघू."

आईने गॅरेजवाल्यांनी दिलेल्या चहाची कपबशी बाकावर ठेवली. "त्या दिवशीही तुम्ही असंच म्हणाला होतात," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली होती. "मी मोरीत पडले होते. अर्धा तास हाका मारत होते. तुम्ही अंगणात होतात. नंतर मी विचारलं, तर म्हणालात, ऐकू आलं, पण वाटलं तू शेजारणीला हाक मारतीयस."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आई, आबांना ऐकू येतच नाही! घाटातसुद्धा नाही. मीच खोटं सांगत होते."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळलं मला. पण हे तू सांगायचं नाहीस. त्यांनी सांगायचं." मग तिने पदर खांद्यावरून मागे सारला, चेहरा अगदी उजेडात आणला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "त्या दिवशी माझी हाक तुम्हाला ऐकू आली होती का?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. आबा तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांना प्रश्न पूर्ण कळला होता, ह्यात मला शंका नाही. त्यांनी एकदा चिंचेखालच्या माणसांकडे बघितलं, आणि पाठीचा कणा ताठ केला. "आली हुती," ते म्हणाले. "एकदा सांगितलं न्हवं?"

बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा दगड म्हणवून घेणं त्यांनी पत्करलं. हे वाक्य मला सुचायला चाळीस वर्षं लागली. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की आईने हळूच मान हलवली, जणू हिशेब अपेक्षेप्रमाणेच निघाला, आणि ती मिस्त्रींकडे वळून म्हणाली, "सांगलीची गाडी किती वाजता आहे इथून?"

"येतीया की आता, वैनी. पर जरा..."

"पेटी चढवायला कोणी मदत करेल का?"

एसटी आली. दोघांनी पेटी टपावर चढवली. आई पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू येतेस?" मला जायचं होतं. त्या क्षणी मला दुसरं काहीही नको होतं. पण आबा आमच्याकडे पाठ करून इंजिनावर वाकले होते. त्यांना एसटी ऐकू आली असेल, तिचा हॉर्न ऐकू आला असेल, पण आईचा प्रश्न नाही. मी गेले असते तर ते त्यांना मागे वळून बघितल्यावरच कळलं असतं. मी मान हलवून नाही म्हटलं. कंडक्टरने घंटी वाजवली.

आम्ही दोघं संध्याकाळच्या आत दुसऱ्या एसटीने साताऱ्याला आलो. दिवाळी आम्ही केली. मी पणत्या लावल्या, आबांनी बाजारातून फराळ आणला, समोरच्या काकूंनी ताट पाठवलं. रेडिओ आबांनी चार दिवस लावला नाही. तो नसल्यामुळे समजलं की घर किती रिकामं आहे. माझं सांगलीला जाणंही दोन महिने थांबलं, मी आजारी आहे असं मीच आईला कळवलं. मला वाटत होतं मोडलेलं सगळं माझ्यामुळे मोडलं. पहिल्या दिवशी घाटात खरं सांगितलं तसं रोज सांगत राहिले असते तर पिस्टन फुटला नसता, आई घरी पोचली असती, आणि प्रश्न विचारला असता तो घरात, चार भिंतींत विचारला असता. तारा, तुला कधी वाटलं की खोटं बोलून कोणाला खुश ठेवावं, तर जरूर ठेव, पण इंजिनाच्या बाबतीत नको.

पिस्टन पुण्याहून आला. गाडी दुरुस्त होऊन घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी आबांनी मला उठवलं. डिकीत दोन फौजी कॅन होते, आदल्या दिवशी ते एसटीने कराडला जाऊन त्र्याण्णव घेऊन आले होते. ते टाकीत ओतताना सगळ्या अंगणात वास भरला. आम्ही यवतेश्वरच्या घाटात गेलो. चढाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली आणि समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "आता तू सांगायचं. वाजलं की बोट वर कर. खोटं सांगायचं न्हाई."

ते डबा फिरवून येत, गाडी चढावर घालत, आणि रस्त्याऐवजी माझ्या हाताकडे बघत. एकदा मी म्हटलं, "आबा, समोर बघा ना!" तर म्हणाले, "समोर दरी हाय, ती ठाव हाय मला. तू बोट सांभाळ." पहिल्या वेळी मी बोट वर केलं. दुसऱ्या वेळी अर्धं. तिसऱ्या वेळी हात मांडीवरच राहिला आणि गाडी घाट चढून वर गेली, शांतपणे. वर त्यांनी इंजिन बंद केलं. मग ते म्हणाले, "घरी इनलँड हाय का गं एखादं?"

घरी होतं. दुपारी ते टेबलाशी बसून लिहीत होते, डाव्या हाताचा आडोसा करून, वर्गात मुलं करतात तसा. डिंक लावून त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि मी ते पोवई नाक्यावरच्या पेटीत टाकलं. आठ दिवसांनी आईचं उत्तर आलं. ते मला दाखवलं गेलं नाही. त्यानंतर महिन्याला दोन पत्रं जात, दोन येत. पुढची कितीतरी वर्षं. आई कायमची कधीच परत आली नाही. तिने नोकरी सोडली नाही, कुंड्या परत मागून घेतल्या. मे महिन्यात आणि दिवाळीत ती साताऱ्याला येई आणि बोलायचं असलं की हातातलं काम ठेवून आबांच्या समोर येऊन बसे. उरलेले महिने ती तिकडे आणि आम्ही इकडे, आणि मग मी कॉलेजला पुण्याला गेल्यावर आबा एकटेच. त्यांनी यंत्र कधीच लावलं नाही. मी आग्रह केला की म्हणत, "पत्र हाय की."

आबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत आईची सगळी पत्रं निघाली, तारीखवार लावलेली. ती मी वाचली नाहीत आणि आईला परत दिली. तिने त्यांचं काय केलं मला माहीत नाही, तिच्यामागे सापडली नाहीत. तिच्या कपाटात आबांचं एकच पत्र होतं, ते पहिलं. ते आता माझ्याकडे आहे. वर आईचा सांगलीचा पत्ता, आत तिचं नाव आणि खाली एकच ओळ आहे, 'त्या दिवशी मला तुझी हाक ऐकू आली नव्हती.' घड्यांवर कागद फाटला आहे, शाई फिकी झाली आहे, पण अक्षर वाचता येतं.